गुडघा सरळ होतोय का? लिगामेंटच्या ऑपरेशनला निघालेल्यांसाठी

कबड्डीत चढाईवरून परत फिरताना माझा डावा पाय मॅटवर रुतला आणि अंग मात्र वळलं. कुणाचा हातही लागला नव्हता. आत काहीतरी 'कट्' झालं. कानांनी ऐकलं म्हणण्यापेक्षा पायात जाणवलं. दोन तासांत गुडघा नारळाएवढा झाला. पुढे मी पाच महिने मालिश, लेप आणि 'होईल बरं' यात घालवले, मग ऑपरेशन केलं, आणि ऑपरेशननंतरचे तीन आठवडे एका उशीपायी घालवले. त्या उशीची गोष्ट पुढे येईलच.

मी डॉक्टर नाही, शाळेत शिकवतो. पण तेव्हापासून कबड्डी-फुटबॉल खेळणारी पोरं आणि गाडीवरून घसरलेले शेजारी एमआरआयची फाइल काखेत मारून माझ्याकडे येतात. पहिला प्रश्न ठरलेला: "सर, मांडी घालून बसता येईल ना?" बहुतेकांना येतं. पण पहिल्या महिन्यात तो प्रश्न बाजूला ठेवा. आधी विचारायचं ते हे, की गुडघा पूर्ण सरळ होतोय का. का ते सगळं वाचल्यावर कळेल.

आत नेमकं काय तुटतं

गुडघ्याला चार मुख्य लिगामेंट, म्हणजे हाडाला हाडाशी बांधणारे चिवट पट्टे, असतात. दोन बाजूंना, आतून आणि बाहेरून. दोन सांध्याच्या मधोमध, एकमेकांना फुलीसारखी छेदणारी. फुलीतलं पुढचं लिगामेंट म्हणजे एसीएल. लांबी जेमतेम तीन-साडेतीन सेंटीमीटर, जाडी करंगळीएवढी. नडगीचं हाड मांडीच्या हाडाखालून पुढे सरकू न देणं आणि गुडघा पिळवटू न देणं ही त्याची कामं. सरळ चालताना त्याची फारशी आठवण होत नाही. वळताना, उडी मारून उतरताना, धावता धावता एकदम थांबताना होते.

बाजूचं आतलं लिगामेंट फाटलं तर बऱ्याचदा पट्टा बांधून आपोआप जुळतं. एसीएलला ती सोय फारशी नाही. ते सांध्यातल्या द्रवात बुडालेलं असतं, रक्तपुरवठा बेताचा, आणि तुटलेल्या टोकांवर रक्ताची जी गुठळी धरावी लागते ती त्या द्रवात टिकत नाही. म्हणून नुसतं शिवून भागत नाही. शिवण्याचा प्रयत्न इंग्लंडात लीड्सच्या मेयो रॉबसन यांनी १८९५ सालीच केला होता. १९१७ मध्ये ब्रिस्टलचे हे ग्रोव्ह्ज यांनी मांडीच्या बाहेरच्या बाजूची पट्टी गुडघ्यातून ओवून नवं लिगामेंट बनवलं. आजचं ऑपरेशन त्याच कल्पनेवर उभं आहे: आपल्याच शरीरातली एक दोरी काढायची आणि तुटलेल्या जागी बसवायची.

या दोरीला डॉक्टर ग्राफ्ट म्हणतात. आपल्याकडे आंब्याचं कलम करतात ना, तो हा शब्द. कलम बांधल्या दिवशी झाडाला फळ धरत नाही, हे कोकणात कुणाला सांगावं लागत नाही. गुडघ्याच्या बाबतीत मात्र सगळे विसरतात.

आणि एक गैरसमज आताच काढून टाकू. हे 'गुडघा बदलणं' नव्हे, 'वाटी बदलणं' तर मुळीच नव्हे. त्या ऑपरेशनात झिजलेल्या सांध्यावर धातू आणि प्लॅस्टिक बसतं. इथे सांधा तुमचाच राहतो. माझ्या आत्याने मात्र सगळ्या नात्यात 'पोराची वाटी बदलली' असंच सांगितलं, आणि अजून तेच सांगते.

पहिली पायरी: इजा झाली त्या दिवशी

खेळ थांबवा. पाय उशीवर उंच ठेवा, कापडात गुंडाळून बर्फ लावा, एका वेळी पंधरा-वीस मिनिटं. पहिले दोन-तीन दिवस शेक नको आणि मालिश तर अजिबात नको. हाडवैद्याबद्दल माझ्या मनात राग नाही, माझ्या आजोबांचं मनगट त्यांनीच बसवलं होतं. पण एसीएल हे 'बसवण्याचं' काम नाही. निखळलेलं काहीच नसतं, तुटलेलं असतं.

दोन गोष्टी दिसल्या तर त्याच रात्री रुग्णालय गाठा. एक, पाऊल थंड, फिकट किंवा बधिर पडलं तर. गुडघ्यामागची रक्तवाहिनी दुखावलेली असू शकते, आणि तिथे तासांचा हिशेब असतो. दुसरी, गुडघा अर्धवट वाकलेल्या स्थितीत अडकला आणि सरळ होईचना. बऱ्याचदा गादीचा, म्हणजे दोन हाडांमधल्या लवचिक चकतीचा (मेनिस्कस), फाटलेला तुकडा सांध्यात अडकलेला असतो.

पहिल्या काही तासांतच गच्च सूज आली तर आत रक्त साठलंय असं समजा. अशी सूज आणि तो 'कट्', दोन्ही असतील तर एसीएल गेल्याची शंका घ्यायला जागा आहे. खरा घोळ नंतर होतो. तीन-चार आठवड्यांत सूज उतरते, माणूस चालायला लागतो, आणि सगळे म्हणतात, झालं बरं. मग एक दिवस बांधावरून उतरताना किंवा बसमधून पाय टाकताना गुडघा निसटतो. माझा असा चार वेळा निसटला. चौथ्या वेळी आतली गादीही फाटली. ती फाटायची नव्हती.

दुसरी पायरी: तपासणी

अस्थिरोगतज्ज्ञ तुम्हाला पाठीवर झोपवून गुडघा थोडासा, वीस-तीस अंशांत वाकवतील, एका हाताने मांडी धरतील आणि दुसऱ्याने नडगी पुढे ओढून पाहतील. ही लॅकमन चाचणी. लिगामेंट शाबूत असेल तर ओढताना 'ठक्' करून थांबतं. तुटलं असेल तर नडगी मऊ मऊ पुढे येत राहते. अनुभवी हाताला बहुतेक वेळा इथेच उत्तर मिळतं. दुखऱ्या, ताठरलेल्या गुडघ्यावर ही चाचणी नीट होत नाही, म्हणून दहा दिवसांनी परत बोलावलं तर टाळाटाळ समजू नका.

एक्स-रेमध्ये लिगामेंट दिसत नाही. हाड मोडलेलं नाही ना, एवढं पाहायला तो लागतो. एमआरआय एसीएल दाखवतो, पण त्याचा जास्त उपयोग गाद्या आणि कूर्चा (हाडांच्या टोकांवरचा गुळगुळीत थर) पाहायला होतो. रिपोर्टमधलं 'संपूर्ण फाटलेलं' वाचून घाबरून जाऊ नका. निर्णय रिपोर्टवर होत नाही, तुमच्या गुडघ्यावर आणि तुमच्या आयुष्यावर होतो.

तिसरी पायरी: ऑपरेशन हवंच का?

हा प्रश्न विचारायला लाजू नका. स्वीडनमध्ये १२१ तरुण, चपळ माणसांवर एक अभ्यास झाला, तो २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. अर्ध्यांचं लगेच ऑपरेशन आणि व्यायाम, अर्ध्यांना आधी नुसता व्यायाम आणि गरज पडली तर नंतर ऑपरेशन. दोन वर्षांनी दोन्ही गटांच्या गुडघ्यांत म्हणावा असा फरक निघाला नाही. पाच वर्षांपर्यंत दुसऱ्या गटातल्या साधारण निम्म्यांनी ऑपरेशन करून घेतलं होतं, आणि उरलेल्या निम्म्यांचं त्याशिवाय चाललं होतं.

म्हणजे टेबलावर बसून काम करणारी, पोहणारी, सायकल चालवणारी, पन्नाशीची व्यक्ती तीन महिने मनापासून व्यायाम करून पाहू शकते. गुडघा निसटत नसेल तर तसंच पुढे चालू ठेवता येतं. ऑपरेशनकडे झुकायची कारणं अशी: गुडघा वारंवार निसटतो, वळणं-उड्यांचा खेळ सोडायचा नाही, काम शेतात, डोंगरात, शिडीवर किंवा पोलीस भरतीच्या मैदानावर आहे, शिवता येईल अशी गादी फाटली आहे, किंवा एकाहून जास्त लिगामेंट तुटली आहेत. तेरा-चौदा वर्षांच्या मुलांची हाडं वाढत असतात, त्यांच्यासाठी नवी दोरी ओवायला हाडात बोगदे पाडायची रीत वेगळी. अशी मुलं हाताळणाऱ्या सर्जनकडेच न्या.

ऑपरेशन केलं की पुढे संधिवात होणारच नाही, असं कुणी सांगितलं तर मान डोलवू नका. तशी हमी कुणाला देता येत नाही. ऑपरेशन स्थैर्य देतं, आणि निसटण्यामुळे होणारं गादीचं पुढचं नुकसान टाळतं. माझ्यासाठी एवढं पुरेसं होतं.

चौथी पायरी: दोरी कुठून घ्यायची

इथे थोडं थांबू, कारण रुग्णाला मत देता येईल अशी ही जागा आहे आणि बहुतेकांना कुणी विचारतच नाही.

सगळ्यात जास्त वापरली जाते ती मांडीच्या मागची दोरी, हॅमस्ट्रिंग. नडगीच्या आतल्या बाजूला तीन-एक सेंटीमीटरचा छेद घेऊन एक किंवा दोन टेंडन ओढून काढतात, दुमडून चौपदरी करतात. टेंडन म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी पांढरी चिवट दोरी. पदर धरून जाडी आठ मिलिमीटर किंवा वर भरावी असा प्रयत्न असतो, त्याहून बारीक ग्राफ्ट तुटण्याचा धोका जास्त. काटक, बुटक्या माणसांत कधी कधी ती भरत नाही, म्हणून 'कमी पडलं तर काय करणार?' हे आधीच विचारून ठेवा. तोटा: टाच मागे ओढायची ताकद थोडी कमी होते. वेगाने पळणाऱ्याला ते जाणवतं.

दुसरी वाटीखालच्या टेंडनची मधली पट्टी, साधारण दहा मिलिमीटर रुंद, दोन्ही टोकांना हाडाचा तुकडा असलेली. हाड हाडाशी लवकर जुळतं, सहा आठवड्यांच्या आसपास, म्हणून खेळाडूंच्या सर्जनना ही आवडते. पण गुडघे टेकताना दुखू शकतं. तुम्ही नमाज पढता का, देवळात गुडघ्यावर बसून सेवा करता का, फरशी बसवायचं किंवा सुतारकामाचं काम करता का, वज्रासन रोज लागतं का? हे सांगा. परदेशी पुस्तकातला खेळाडू खुर्चीवर बसतो, आपल्याकडे निम्मं आयुष्य जमिनीवर जातं.

तिसरी वाटीच्या वरची, क्वाड्रिसेप्सची, म्हणजे मांडीच्या पुढच्या स्नायूची. जाड आणि भरवशाची, अलीकडे तिचा वापर वाढतो आहे. चौथी घोट्याच्या बाहेरून, पेरोनियस लाँगस. आपल्याकडे बरेच सर्जन घेतात, विशेषतः गुडघ्याभोवती बरंच काही फाटलं असेल आणि मांडीला हात लावायचा नसेल तेव्हा. बाजूचा दुसरा स्नायू काम सांभाळून घेतो, तरी ज्याचं पोट घोट्याच्या ताकदीवर आहे त्याने दोनदा विचार करावा.

मृत दात्याचं टेंडनही वापरतात. तरुण खेळाडूंत ते तुटण्याचं प्रमाण जास्त आढळलं आहे, म्हणून पंचविशीतल्या माणसाला कुणी तेच सुचवलं तर कारण विचारा. १९८० च्या दशकात कृत्रिम धाग्यांची लिगामेंट जोरात होती. त्यातली बरीच काही वर्षांत झिजली, तुटली, सांधे सुजले.

यात सर्वोत्तम कोणती? तुमचा सर्जन जी नेहमी करतो आणि तुमच्या रोजच्या बसण्या-उठण्याला जी झेपते, ती. 'वर्षाला अशी किती ऑपरेशनं करता?' हा प्रश्न उद्धट नाही.

पाचवी पायरी: टेबलावर जाण्याआधी

सुजलेल्या, ताठर गुडघ्यावर घाईने ऑपरेशन केलं तर नंतर तो आखडून बसण्याचा धोका वाढतो. म्हणून सूज उतरवा, गुडघा पूर्ण सरळ करा, मांडीचा पुढचा स्नायू जागा करा. ऑपरेशनआधीची ही फिजिओथेरपी फुकट जात नाही. जो पाय सरळ आत जातो तो सरळ बाहेर येतो, असं आमची फिजिओ ताई म्हणायची.

तंबाखू, मिश्री, सिगारेट बंद. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात आणि कलमाला रक्तच लागतं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, मधुमेह, अंगावर कुठे गळू असेल तर लपवू नका. घरी वस्तऱ्याने पायाचे केस काढू नका, बारीक कापांतून जंतू शिरतात. ते काम रुग्णालयात यंत्राने करतात.

पैशांचं बोलायचं तर अंदाजपत्रक तुकड्यांत मागा: सर्जन, भूल, खोली, स्क्रू-बटणं वेगळी. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतं का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे लेखी विचारा, आणि आतलं साहित्य त्यात धरलंय का तेही. खासगी विम्यात नंतरची फिजिओथेरपी बहुधा येत नाही. तिच्यासाठी पैसे आधीच बाजूला काढा. ऑपरेशनला दीड लाख जमवणारे घरचे लोक फिजिओच्या फीवर मात्र घासाघीस करतात, हे मी अनेकदा पाहिलंय.

घरात खाट लागेल, जमिनीवरचं अंथरूण काही आठवडे विसरा. बैठा संडास असेल तर प्लॅस्टिकची कमोड खुर्ची आणा. सतरंज्या, पायपुसणी गोळा करून ठेवा. वॉकर किंवा कुबड्यांवर आधीच दोन दिवस चालून पाहा. जिन्याचा नियम पाठ करा: चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी.

सहावी पायरी: त्या दीड तासात

बहुतेकांना कमरेत इंजेक्शन देऊन खालचं अंग बधिर करतात. मांडीला पट्टा आवळतात, म्हणजे आत रक्त येत नाही. वाटीच्या दोन्ही बाजूंना बोटाच्या पेराहून लहान छेद. एकातून चार मिलिमीटरची दुर्बीण, दुसऱ्यातून हत्यारं. सांध्यात सलाइन भरत राहतात. आधी गादी पाहतात, शिवता आली तर शिवतात. बाजूच्या टेबलावर दुसरं कुणी तुमचं टेंडन साफ करून, दुमडून, टाके घालून ताणून ठेवत असतं. जंतुसंसर्ग टाळायला ते व्हँकोमायसिन या प्रतिजैविकाच्या पाण्यात भिजवलेल्या कापडात गुंडाळण्याची पद्धत आता बरीच रुळली आहे.

मग नडगीच्या आणि मांडीच्या हाडात ग्राफ्टच्या जाडीचे बोगदे पाडतात. सगळं कसब इथे. बोगद्याचं तोंड मूळ लिगामेंटच्या जागेपासून काही मिलिमीटर चुकलं तरी नवी दोरी वाकताना नको तिथे ताणली जाते. दोरी आत ओढतात, वर धातूच्या छोट्या बटणावर अडकवतात, खाली स्क्रूने आवळतात. स्क्रू टायटॅनियमचा असतो किंवा शरीरात विरघळणारा. संध्याकाळी पायांत मुंग्या येऊ लागतात तेव्हा भूल उतरतेय असं समजायचं. त्या रात्री दुखतं. गोळी वेळेवर घ्या, सहन करून कुणी पदक देत नाही.

सातवी पायरी: पहिले दोन आठवडे, आणि ती उशी

घरी आणल्यावर मावशीने प्रेमाने माझ्या गुडघ्याखाली मऊ उशी सरकवली. काय आराम वाटला! वाकलेल्या गुडघ्यात आतला ताण कमी होतो, म्हणून दुखणं लगेच थांबतं. मी तीन आठवडे तसाच झोपलो. टाके काढायला गेलो तेव्हाच पाय सरळ होत नव्हता, पण मी ते हसण्यावारी नेलं. पुढच्या भेटीत फिजिओ ताईने मला पालथं झोपवलं, दोन्ही टाचा पाहिल्या आणि विचारलं, "उशी कुणी दिली?"

"मावशीने."

"मावशीला सांगा, उशी टाचेखाली."

आठ-दहा अंश वाकलेला राहिलेला गुडघा कागदावर किरकोळ वाटतो. पण तसा पाय टाकून चालताना मांडीचा स्नायू सतत ताणलेला राहतो, माणूस लंगडतो, वाटीपुढे दुखायला लागतं, आणि काही जणांत ग्राफ्टच्या पुढे मांसाची गाठ धरते, जी मग दुर्बिणीने काढावी लागते. उलट वाकणं सावकाश येतं आणि बहुतेकांना येतंच. म्हणून दोन आठवड्यांत दुसऱ्या पायाइतकं सरळ, आणि वाकणं नव्वद अंशांच्या आसपास, एवढं उद्दिष्ट धरा.

त्यासाठी दिवसातून पाच-सहा वेळा: टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून दहा मिनिटं गुडघा स्वतःच्या वजनाने खाली लोंबू द्या. मग गुडघ्याची मागची बाजू अंथरुणावर दाबून मांडी आवळा, पाच मोजा, सोडा, दहा वेळा. पाय सरळ ठेवून वर उचला. उचलताना गुडघा किंचितही वाकला तर मांडी अजून जागी झालेली नाही असं समजा आणि दाबण्याचा व्यायाम वाढवा. पाऊल वर-खाली करत राहा, पोटरीत रक्त साकळू नये म्हणून. सर्जनने परवानगी दिली असेल तर दुसऱ्या दिवसापासून वॉकर धरून पायावर भार टाकतात. पण गादी शिवली असेल तर नियम बदलतात: चार-सहा आठवडे भार आणि नव्वदच्या पुढचं वाकवणं यावर बंधन. शेजारच्या खाटेवरचा चालतो म्हणून तुम्ही चालू नका.

मांडीच्या मागे, पोटरीपर्यंत काळंनिळं पडेल. नडगीच्या बाहेरच्या बाजूला एक चट्टा बधिर राहील, छेदाजवळची बारीक नस दुखावल्याने. दोन्ही चालतं. ताप, वाढती लाली, जखमेतून पाणी, पोटरीत एकच जागा घट्ट होऊन दुखणं, एकदम दम लागणं, हे चालत नाही. यातलं काही झालं तर वाट न पाहता रुग्णालयात जा.

आठवी पायरी: फसवा तिसरा महिना

दीड महिन्यात कुबड्या सुटलेल्या असतात, जागच्या सायकलवर पाय फिरतो, वाकणं एकशेवीसपर्यंत येतं. दुचाकीवर बसायची घाई तेव्हाच होते. स्वतःला एक चाचणी द्या: अचानक ब्रेक मारून पाय टेकवावा लागला तर हा पाय गाडी सावरेल का? शंका असेल तर अजून दोन आठवडे मागच्या सीटवर.

तिसऱ्या महिन्यात गुडघा दुखत नाही, सूज नाही, आणि घरात सगळ्यांना वाटतं की संपलं. त्याच सुमाराला आत ग्राफ्ट सगळ्यात कच्चं असतं. काढून बसवलेल्या टेंडनमधल्या जुन्या पेशी मरतात, मग नव्या रक्तवाहिन्या आत शिरतात, नव्या पेशी येतात, आणि हळूहळू टेंडनचं लिगामेंट बनतं. साधारण सहाव्या ते बाराव्या आठवड्यात दोरी बसवल्या दिवसापेक्षाही कमजोर असते. हे बाहेरून कळायला काही मार्ग नाही. आमच्याकडचा एक पोरगा अकराव्या आठवड्यात 'नुसता बघायला' मैदानावर गेला, एक बॉल अडवला, आणि दुसऱ्या ऑपरेशनला गेला.

या काळात अर्ध्या बैठका, पायरीवर चढ-उतार, एका पायावर तोल. खुर्चीवर बसून घोट्याला वजन बांधून पाय झटक्याने सरळ करण्याचा व्यायाम जिममधला मित्र शिकवेल. तो सुरुवातीला फिजिओला विचारल्याशिवाय करू नका, शेवटच्या तीसेक अंशांत ग्राफ्टवर चांगलाच ताण येतो. मांडी घालणं आणि उकिडवं बसणं बहुतेकांना याच्या पुढच्या महिन्यांत जमू लागतं, गादी शिवलेल्यांना आणखी उशिरा. जोर लावून बसू नका. एक दिवस जेवायला बसताना लक्षात येतं की आपण बसलोय.

नववी पायरी: मैदानात कधी

हलकं धावणं साधारण तीन-चार महिन्यांनी, मांडीची ताकद दुसऱ्या पायाच्या जवळ आली असेल तर. उड्या आणि वळणं सहा महिन्यांच्या पुढे. स्पर्धा नऊ महिन्यांआधी नको. नॉर्वेतल्या खेळाडूंवरचा २०१६ चा एक अभ्यास सांगतो की नऊ महिन्यांपर्यंत परतणं जितके महिने लांबवलं, तितकं दर महिन्यामागे पुन्हा इजेचं प्रमाण जवळपास निम्म्याने घटलं. एवढा रोकडा फायदा गोळी-इंजेक्शनात मिळत नाही.

लोक मोठ्या खेळाडूंची उदाहरणं देतात. ऋषभ पंतचा अपघात ३० डिसेंबर २०२२ चा, लिगामेंटचं ऑपरेशन जानेवारी २०२३ मध्ये मुंबईत, आयपीएलमध्ये तो परतला मार्च २०२४ मध्ये. विनेश फोगाटच्या गुडघ्याचं ऑपरेशनही मुंबईतच, ऑगस्ट २०२३ मध्ये, आणि वर्षभराने ती पॅरिसच्या मॅटवर होती. या दोघांच्या दिमतीला दिवसभर फिजिओ होते. तुम्हाला आठवड्यातून तीन दिवस एक तास मिळतो. तेव्हा त्यांच्याहून लवकर उतरायचं काही कारण नाही.

महिन्यांबरोबर पायही मोजा. एका पायावर लांब उडी मारून पाहा, तीन सलग उड्या, तिरक्या उड्या. ऑपरेशनचा पाय चांगल्या पायाच्या नव्वद टक्के तरी भरला पाहिजे. मांडीची ताकद यंत्रावर मोजता आली तर उत्तम. आणि मनाचंही विचारा: पकड करताना तो पाय पुढे टाकायला मन कचरतं का? कचरत असेल तर अजून सराव सामने, स्पर्धा नाही.

पंचवीसच्या आतले, परत खेळात उतरलेले खेळाडू असतील तर साधारण चार-पाच जणांत एकाला पुन्हा एसीएलची इजा होते, आणि ती बऱ्याचदा दुसऱ्या, चांगल्या गुडघ्याला. म्हणून व्यायाम दोन्ही पायांचा. 'फिफा ११+' नावाचा वीस मिनिटांचा वॉर्मअप फुटबॉलवाल्यांनी बनवला, पण उडी मारून गुडघे आत न वळवता उतरायला तो कबड्डी-खोखोच्या पोरांनाही शिकवतो. आमच्या शाळेत मुली तो मुलांपेक्षा नेटाने करतात, आणि त्यांना त्याची गरजही जास्त आहे; वळणा-उड्यांच्या खेळांत ही इजा मुलींना जास्त होते.

शेवटची एक कामाची गोष्ट. डिस्चार्जच्या दिवशी ऑपरेशन नोट मागून घ्या. कुठलं ग्राफ्ट, किती मिलिमीटर, गादी शिवली की कापली, हे त्यात असतं. आत बसवलेल्या बटणाचा आणि स्क्रूचा स्टिकर तिच्यावर चिकटवलेला आहे ना, ते बघा. चार वर्षांनी माझ्या कमरेचा एमआरआय करायची वेळ आली, तेव्हा तिथल्या मुलाने विचारलं, "काका, पायात धातू आहे म्हणता, कुठला?" मी फाइल उघडून स्टिकर दाखवला, त्याने 'टायटॅनियम' वाचलं आणि मला आत घेतलं.